अण्णांनी उडवलेली शून्यं

"दुपारच्या चहाआधी मिटवतो," असं अण्णांनी भर मीटिंगमध्ये जाहीर केलं आणि मॅनेजरबाईंनी ते खरं मानलं.

रंगाच्या दुकानात एक यंत्र असतं. पांढऱ्या डब्यात कुठल्या रंगाचे किती थेंब सोडायचे, हे गणित अण्णांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर करायचं. त्यात कुणी काही बदललं, तरी जुनी उत्तरं बरोबर येतात ना, हे तपासणं अण्णांचं काम. तपासणी अक्षर न् अक्षर जुळवून व्हायची. पण दोन जातींचे संगणक एकच आकडा दोन तऱ्हांनी छापत. दहाचा घात एक ०५ असा लिही, दुसरा ००५. किंमत तीच, तरी जुळलं नाही म्हणून रोज सकाळी अण्णांचा पडदा मिरच्या वाळत घातल्यासारखा लाल!

शेजारची प्रोग्रॅमर म्हणाली, आकडे अक्षरांसारखे जुळवूच नका, आकडे म्हणून ताडून पाहा आणि केसाएवढा फरक चालवून घ्या. पण त्याला आठवडा लागला असता, आणि अण्णा चहाची वेळ देऊन बसले होते. त्यांनी घातातलं जादा शून्य काढलं. निम्मा लाल गेला. उरलेल्यात कुठे शून्य आकड्याच्या शेपटीला लोंबत होतं, कुठे डोक्यावर बसलं होतं. एकेकाच्या मागे कोण धावणार? अण्णांनी जुळवण्याआधी दोन्हीकडची सगळीच शून्यं उडवली.

पडदा पोपटासारखा हिरवा झाला. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

"अण्णा, आता पाच आणि पन्नास सारखेच झाले ना?" प्रोग्रॅमरने हळूच विचारलं.

"पाचाचे पन्नास करतंय कोण?"

करणारा लवकरच निघाला. कुणाच्या तरी हातून लाल रंगाचे पाचाचे पन्नास थेंब झाले, तपासणीने नंदीबैलासारखी मान डोलावली आणि सॉफ्टवेअर दुकानोदुकानी गेलं.

त्याच सुमारास अण्णांकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी आपल्या खोलीसाठी फिकट गुलाबी निवडला. डबा उघडून रंगारी थबकला होता म्हणे. पण सासूबाईंनीच त्याला दटावलं, की जावयाचं यंत्र चुकायचं नाही, वाळला की फिका पडेल. संध्याकाळी अण्णा घरी आले, तर खोली भट्टीच्या तोंडासारखी धगधगत होती.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "यात माणूस झोपतो की भाजतो?"

वरून पांढरा मारला तर, असं अण्णांनी रंगाऱ्याला विचारून पाहिलं.

"लाल आहे साहेब, पांढऱ्यातून डोकावणारच. खरवडायला हवं. महिनाभर तरी धरा."

अण्णांनी आशेने बायकोकडे पाहिलं. ती आईची उशी अण्णांच्या पलंगावर ठेवत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुमची सतरंजी बाहेरच्या खोलीत टाकलीय. डास आहेत, पंखा लावून घ्या."