अळ्यांचा डॉक्टर

दुपारी खुर्चीत माझा डोळा लागला की वरच्या मजल्यावरचा श्रीकांत पेन्सिलीच्या मागच्या टोकाने माझ्या दंडाला हळूच टोचतो. मी हलले की "आहात" म्हणतो आणि जिना चढून निघून जातो.

पहिल्यांदा मी पेन्सिल हिसकावून घेतली. "मेले का, बघतोस?"

"हौ मावशी. कामाची सवय."

श्रीकांत शास्त्रज्ञ आहे. शेवयांच्या चुऱ्याहून बारीक अळ्या पाळतो. त्या दोन-तीन आठवड्यांत म्हाताऱ्या होऊन मरतात. म्हाताऱ्या झाल्या की हा त्यांना रोगाचे जंतू खाऊ घालतो आणि तरण्या अळ्यांपेक्षा त्या लवकर का मरतात ते बघतो. निपचित पडलेल्या अळीला तारेचं टोक लावायचं. हलली तर जिवंत. मी चौथी शिकलेली, तरी एवढं मला समजलं. एवढ्यासाठी त्याला अमेरिकेत जाऊन का शिकावं लागलं, ते मात्र समजलं नाही.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. शेजारच्या लक्ष्मम्माने एकदा त्याला गुडघा दाखवला. त्याने बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाला, "अम्मा, अळीला गुडघे नसतात." तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही.

पुण्याहून आलेलं एक कॉम्प्युटरवालं जोडपं समोर राहतं. नवऱ्याच्या तिसाव्या वाढदिवसाला श्रीकांतने केक खाता खाता हिशोब केला. "म्हणजे अळीचा पाचवा दिवस. उत्तम. अंडी घालायचा काळ." बायको केकची सुरी हातात धरून तशीच उभी राहिली.

"आणि माझा कितवा दिवस?" मी विचारलं.

त्याने मनात आकडा मांडला. "मावशी, राहू द्या."

जंतूंबद्दल वाईट बोललेलं त्याला खपत नाही. माझ्या लोणच्याला बुरशी आली तरी म्हणतो, "वाईट नसतात हो. भुकेले असतात."

गेल्या वर्षी गौलीगुड्याच्या बाजारात हातगाडीचा पत्रा माझ्या पोटरीला लागला. मी हळद दाबली आणि विसरले. दोन दिवसांनी सकाळी श्रीकांत डबा परत द्यायला आला आणि त्याचं लक्ष पायाकडे गेलं. पाय लाल होता, तापलाही होता. त्याने खाली बसून खिशातलं पेन काढलं आणि लालीच्या कडेने रेघ ओढली.

"संध्याकाळपर्यंत लाली रेघेबाहेर गेली तर दवाखाना."

"माझ्या पायावर चित्रं नक्को काढू. भुकेले आहेत, खातील आणि जातील."

तो हसला नाही. "हे खाऊन जात नाहीत, मावशी. तुमच्या वयाला तर नाहीच."

त्या दिवशी तो कामावर गेला नाही. कधी काडेपेटी मागायला यायचा, कधी मीठ. दोन्ही त्याच्या घरात होतं. येऊन आधी पाय बघायचा. संध्याकाळी लाली रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेली होती आणि मला थंडी वाजत होती. त्याने मला रिक्षात घातलं. रिक्षावाल्याने "अम्मा को क्या हुआ साब?" असं विचारलं. श्रीकांतने जंतू रक्तात शिरून काय काय करतात ते सविस्तर सांगितलं. रिक्षा एकदम जोरात पळायला लागली.

दवाखान्यात त्याने इतके प्रश्न विचारले की तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आप कौन-से डॉक्टर हैं?"

"अळ्यांचे," मी खाटेवरून म्हटलं. बाईंनी त्याला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला होता आणि लाली रेघेच्या आत सरकली होती. श्रीकांत कालच्याच शर्टात दाराशी उभा होता.

"कामावर जा की," मी म्हटलं.

"काल मोजायचा दिवस होता. चुकला. आता पुन्हा अंड्यांपासून सुरू करायचं."

"मग काल गेला का नाहीस?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "आमच्या या कामात औषध देत नाहीत, मावशी. जंतू द्यायचे आणि कोण किती टिकतं ते बघायचं. इतकी वर्षं नुसता बघत आलो. काल बघवेना."

नर्सने ठेवलेला उपमा मी त्याच्याकडे सरकवला आणि पाय आखडून खाटेवर जागा केली. तो बसला. उपमा तसाच राहिला. माझ्या चांगल्या पायावरची चादर तो पुन्हा पुन्हा सारखी करत होता. दुखऱ्या पायाला हात लावायचा धीर त्याला होत नव्हता.