न मारलेल्या हाकेला ओ

आमचे शेजारी डॉक्टर लिंबाजी पोकळे दर पाच-दहा मिनिटांनी "ओ!" म्हणतात. कुणी हाक मारलेली नसते. भाजी निवडताना म्हणतात, वर्गात फळ्यावर लिहिताना म्हणतात. एकदा तर श्रद्धांजलीच्या मौनातच म्हणाले. संस्थेचे अध्यक्ष दचकून आधी हार घातलेल्या फोटोकडे पाहू लागले.

आष्टीतल्या आमच्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो, ते प्राणिशास्त्र. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं संशोधन चाले. पुण्याहून कर्करोगाच्या पेशींच्या स्लाइडा यायच्या आणि सर दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. गावात बातमी अशी, की सर कॅन्सरचं औषध काढतायत. एका सत्कारात अध्यक्षांनी ते औषध जवळजवळ बाजारात आणलंच होतं. सरांनी शालीची घडी करत माइकवर सांगितलं, "औषध न्हाई हो. मी निरोप्या शोधतोय."

त्यांचं म्हणणं सोपं आहे. पेशीला बाहेरून निरोप येतो, 'वाढ.' आतली प्रथिनं तो हातोहात पुढे पोचवतात. निरोप थांबला की तीही गप्प बसतात. कर्करोगात एखादं प्रथिन बिघडतं आणि निरोप आलेला नसतानाही 'आला, आला' करत राहतं. पेशी बिचारी वाढत सुटते. हे सरांच्या डोक्यात इतकं मुरलंय, की प्राचार्यांनी बोलावलंय म्हटलं तरी ते शिपायाला विचारणार, "निरोप कुणाचा? मधी किती जण हायत?"

"मी एकटाच हाय, सर."

"मंग खरा असंल."

गेल्या महिन्यात तपासणी समिती आली. तिला काम पटलं तर खोली सरांकडे राहणार होती, नाहीतर क्रीडा विभागाकडे जाणार होती. सरांना दुसरी जागा नव्हती. समितीने काजू खाल्ले, सूक्ष्मदर्शकासोबत फोटो काढले आणि मग ऐकायला बसली. सर रंगात आले होते. "कुणी बोलावलेलं नसतं. तरी हे प्रथिन आपलं..." एवढं बोलून ते दाराकडे वळले आणि म्हणाले, "ओ!"

समितीला ते प्रात्यक्षिक वाटलं. सगळे पोट धरून हसले. सर हसले नाहीत. आठवड्याभरात खोलीत कबड्डीचे मॅट आले.

मॅट आले त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. सूक्ष्मदर्शक स्वयंपाकाच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी बसला होता. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं, "सर, हे 'ओ' कुठून आलं?"

"माय मेंढरं वळायची," सर म्हणाले. "ती या डोंगराला, मी त्या. हाक आली की लगोलग ओ द्यायची. न्हाई दिली, तर मेंढरं तशीच टाकून मला हुडकत निघायची. लांडग्याचं लई भ्या तिला."

मिशरीनं तिच्या घशात गाठ झाली. ऑपरेशनात जीव वाचला, आवाज गेला.

"आतल्या खोलीत पडून असायची. हाक मारायची, पर ऐकू कुठं येतंय? ओ आली न्हाई की धडपडत उठायची. दोनदा पडली. मंग मीच अधूनमधून ओ द्यायला लागलो. म्हटलं, मारली असंल तर पोचंल."

मायला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या दहाव्याला मी होतो. मी घरी आलो.

आधण ठेवलं, तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीपलीकडून "ओ!" आली. साखर टाकली, पुन्हा आली. मग मी बाहेर जाऊन, त्यांची पदवी आणि माझं वय बाजूला ठेवून, छाती भरून हाक मारली, "लिंबाऽऽ!"

ओ आली नाही.

बऱ्याच वेळाने कडी वाजली. सर भिंतीपाशी येऊन उभे राहिले. चष्मा हातात होता.

"निरोप कुणाचा?"

"माझाच. चहा टाकलाय."

"मधी कुणी न्हाई?"

"कुणी नाही."

सरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि फाटकाकडे न जाता सरळ भिंतीवरूनच टांग टाकली.