शोकेसातली गोरी बाई

गंगासागरला सवत होती आणि ती सागवानाची होती. तीन पायांची, पितळी बटणांची, पुढं एकच डोळा आणि मागं काळ्या कापडाचा बुरखा. नांदूरघाटच्या बाजारगल्लीत वैजिनाथअप्पांचा फोटो स्टुडिओ होता, त्यात ती मधोमध उभी असायची. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी अप्पा बायकोला "अगं ए" म्हणायचे आणि त्या मोठ्या कॅमेऱ्याला "ही". "हिला धक्का लावू नको." "हिला आज बरं न्हाई, दमट हवेत हिचा भाता आखडतो." दमट हवेत गंगासागरचे गुडघे आखडायचे, पण ती बातमी अप्पांपर्यंत काही पोचली नाही. (पोचवायला ती कमी पडली असं कुणी म्हणू नये. तिचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जायचा.)

हिला पुसायला मलमलचा तुकडा. घरात हात पुसायला अप्पांची फाटकी बनियन. यावरून काय समजायचं ते समजा.

ज्या साली गावात एसटीडीचा बूथ आला आणि गावपुढारी आप्पारावांच्या माडीवर परातीएवढी डिश चढली, त्याच साली गल्लीतल्या बंकटनं खिशात मावणारा कॅमेरा आणला. चष्म्याच्या डबीएवढा. बटण दाबलं की फटाक! छत्तीस फोटो, सगळे रंगीत, दुसऱ्या दिवशी बीडच्या लॅबमधून धुऊन हजर. सगळी गल्ली बंकटकडं वळली.

"आवं, तुमीबी तसला घ्या की," गंगासागर म्हणाली.

"त्याच्या निगेटिव्हवर माणूस मावतो का? टिकलीएवढी जागा. हिच्यात तळहाताएवढी फिल्म बसती. माणसाची पापणी न पापणी मोजून घे."

"कोण मोजायलंय पापण्या? गिऱ्हाईक मोजा."

लग्नाला मात्र ही तीन पायांची न्यायची सोय नव्हती. तिथं अप्पा गळ्यात चौकोनी डबा अडकवायचे, त्यात वरून वाकून बघायचं. गंगासागर त्याला सवतीची धाकटी बहीण म्हणायची. त्यात एका रोलवर बारा फोटो. पाली गावातल्या एका लग्नात नवरदेवाचे मामा तणतणत आले, "अप्पा, बाराच? आमच्यात रुसणारेच पंधरा हायत!"

"मग त्यातले बारा निवडा. तोवर मी जेवून घेतो," अप्पा म्हणाले. त्यानंतर पालीनं अप्पांना लग्नाला बोलावलं नाही. जेवायलाही नाही.

आता खरं सांगायचं तर लाकडाची सवत गंगासागरनं सोसली असती. तिला सोसत नव्हतं ते शोकेस. स्टुडिओच्या दाराशी काचेची पेटी होती आणि त्यात सहा वर्षं एकच मोठा फोटो लावलेला होता. आप्पारावांच्या बायकोचा, वत्सलाबाईचा. गोरीपान, नाकात नथ, नजर लांब कुठंतरी, जणू तिकडून कुणी आरती घेऊन यायलंय. बाजाराच्या दिवशी माणसं थांबून म्हणायची, "फोटो असावा तर असा." आणि त्या पेटीची काच रोज सकाळी कोण पुसणार? गंगासागर. म्हणजे चहा घ्यायच्या आधी वत्सलाबाईचं तोंड पुसायचं, असं सहा वर्षं चाललं होतं.

तिचा स्वतःचा म्हणावा असा फोटो एकच होता. थोरल्या शिवानीच्या लग्नातला, डब्यातून काढलेला. त्यात ती पाठमोरी बुंदी वाढत होती.

"माझा कवा काढायचा मोठ्यात?" ती विचारायची.

"काढू की. तू कुठं पळून चाललीस?"

या एका वाक्यावर बावीस वर्षं गेली. तिला दुसरं काही नको होतं. दागिना नको, रंगीत टीव्ही नको. त्या काचेमागं एकदा आपलं तोंड लागावं आणि बाजारातल्या माणसांनी थांबून बघावं, एवढंच.

अशात शेजारची कडूबाई कासारीण एक दिवस बांगड्यांची टोपली उंबऱ्यावर ठेवून बसली.

"गंगासागर, तुझा मालक दुपारचं काय करतो गं?"

"झोपतो. का?"

"कशाचा झोपतो माय! खिडकीपाशी बसून बाईच्या गालावर पेन्सिल फिरवायलेत. हळूऽऽ, मोराचं पीस फिरवावं तशी. आज आठवा दिवस."

"ते रिटचिंग असतंय. निगेटिव्हवरचे डाग भरतेत."

"असंल बाई. पर कावून मला बघून झाकून ठेवलं?" कडूबाईनं टोपली उचलली आणि जाता जाता मीठ टाकलं. "झेडपीला आपल्या गटात बाईची जागा सुटली म्हणं. आप्पाराव वत्सलाबाईला उभी करायलेत. पोस्टरला फोटो लागंलच की."

त्या दिवशीची आमटी इतकी तिखट झाली की अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. गंगासागर म्हणाली, "आताच कशाला रडता? अजून येळ हाय."

पुढं दहा दिवस तिनं दम धरला. मंगळवारी अप्पा फोटो धुवायच्या औषधांचं पार्सल आणायला मांजरसुंब्याला गेले. पार्सल एसटीनं यायचं, म्हणजे दुपारपर्यंत काळजी नाही. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, असं ठरवून गंगासागर स्टुडिओत शिरली. (ठरवलं होतं, ही गोष्ट तिनं नंतर महादेवाची शपथ घेऊन सांगितली.)

खिडकीपाशी तिरक्या काचेचं स्टँड होतं, त्यावर तळहाताएवढी फिल्म आणि शेजारी सुईसारखी टोकदार पेन्सिल. फिल्ममध्ये बाई होती. तोंड काळं, दात काळे, केस पांढरेफट्ट. भूत बरं. पण गंगासागर फोटोग्राफरची बायको होती, तिला एवढं कळत होतं की निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. तोंड काळं, म्हणजे बाई गोरी. केस पांढरे, म्हणजे काळेभोर. नाकात नथ. आणि गालावर, कपाळावर एक सुरकुती नाही, सगळी पेन्सिलीनं गुळगुळीत केलेली. गावात अशी बाई कोण? सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे?

"माझ्या तोंडावर सुरकुत्या पडल्या तवा कुठं गेलती ही पेन्सिल?" ती त्या फिल्मलाच म्हणाली.

मग तिचा हात उठला. आधी नाकाखाली मिशी काढली, चांगली फौजदारी. त्यानं पोट भरलं नाही. मग पेन्सिल आडवी धरून बाईच्या दोन्ही गालांवर, कपाळावर, हनुवटीवर शिसं घासलं आणि अंगठ्यानं चोळून चोळून पसरवलं. परातीत कणीक मळावी तसं, चहूकडं सारखं. "हं. आता लाव म्हणावं पोस्टरवर हे काळं तोंड." पेन्सिल जागेवर ठेवून ती घरी आली आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

अप्पा आले, स्टँडवरची फिल्म घाईत न बघताच उचलली आणि थेट डार्करूममध्ये गेले, फोटो छापायला. गंगासागर स्टुडिओच्या बाकावर पदर खोचून बसली. आता आतून ओरडा ऐकू येणार आणि मग आपण बावीस वर्षांचं बोलणार, असा बेत होता. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं. तेवढ्यात दारात खुद्द वत्सलाबाई उभी.

"अप्पा हायत का गं? फोटो काढायचाय, पोस्टरला."

"अजून किती काढायचे? गाल झिजले की तुमचे, पेन्सिलीनं."

"काय म्हणलीस?"

"म्हणलं, तुमचा फोटो म्या बघितलाय. मिशी लई शोभती."

वत्सलाबाईनं आधी ओठावरून बोट फिरवून घेतलं, मग राग आणला. "तोंड सांभाळून बोल! मी ह्या वर्षात तुझ्या स्टुडिओची पायरी चढलेली न्हाई!"

"मग खिडकीपाशी अठरा दिवस कोण बसलंय, माझी मावशी?"

यावर डार्करूमचं दार धाडकन उघडलं. अप्पा बाहेर आले, हातात ओला फोटो, त्याचं पाणी पायावर ठिबकतंय.

"अगं ए! निगेटिव्हला हात कुणी लावला?"

"म्या लावला! काळं केलं तिचं तोंड!"

"काळं?" अप्पांनी फोटो वर धरला.

फोटोत बाई होती. कोजागिरीच्या चंद्रानं लाजावं इतकी गोरी. तोंडावर डाग नाही, वळी नाही. नाकाखाली मात्र पांढरीशुभ्र मिशी, जणू ताक पिऊन तोंड पुसायचं राहिलंय.

"निगेटिव्हमधी काळं केलं की फोटोत गोरं होतंय!" अप्पा कपाळावर हात मारून म्हणाले. "बावीस वर्षं फोटोग्राफरच्या घरात हायस ना तू!"

गंगासागरला हे ठाऊक होतं. बाई ओळखताना तिनं सगळं बरोबर उलटं करून घेतलं होतं. शिक्षा देताना तेवढं राहिलं. रागात कुणाला हिशोब सुचतो?

वत्सलाबाई मात्र भांडण विसरून फोटोजवळ गेली. "अगं बया, कोण ही? बाहेरगावची दिसती. कसलं रूप म्हणावं!" मग डोळे बारीक करून म्हणाली, "पर हिच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली हाय गं."

गंगासागरचा हात आपोआप उजव्या कानाकडं गेला. पाळी फाटकी होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तान्ह्या शिवानीनं डूल ओढला होता, तेव्हापासून.

"हळदीकुंकवाहून नथ घालून आलतीस, तवा शाळेतल्या गुरुजींचा फोटो काढायच्या आधी उजेड बघायला तुला स्टुलावर बसवलं न्हाई का?" अप्पा म्हणाले. "हलू नको म्हणलो. तवा हिच्यात फिल्म घातलती."

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं की तू भांडायच्या तोंडानं बसतीस."

गंगासागरचं पाठ केलेलं सगळं भाषण कुठल्या कुठं गेलं. ती बाकावर बसली. पदराच्या टोकाशी खेळत, बावीस वर्षांत केला नव्हता तेवढा आवाज हळू करून तिनं विचारलं, "आणि मोठ्यातच कावून काढला म्हणं? बंकटसारख्या बारक्यात का न्हाई?"

"बारक्यात?" अप्पा म्हणाले. "अगं, त्या टिकलीएवढ्या जागेत तुझ्या एवढ्या सुरकुत्यांना पेन्सिल लावायची कुठं? हिच्यात मावल्या म्हणून जमलं. तरी अठरा दिवस लागले!"

वत्सलाबाई पदर तोंडाला लावून हसली. गंगासागर हसली नाही, पण उठलीही नाही.

अप्पांनी फोटोवरची मिशी ब्रशनं झाकली. वर कबूलही केलं, "गालाला इतका सारखा हात माझाबी बसला नसता." संध्याकाळी शोकेसातून वत्सलाबाई निघाली आणि गंगासागर लागली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. गंगासागरनं नवं लुगडं नेसून दारात ठाण मांडलं. माणसं थांबत होती, बघत होती, म्हणत होती, "कोण हो ही बाई?" एकानंही मान वळवून दाराकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं कडूबाई धावत आली. "गंगासागर, तू इथं बसलीस आणि तिथं तुझ्या मालकानं कोण सटवी टांगलीय बघ!"

"सटवी? अगं कडू, मी हाय ती!"

"तू?"

गंगासागर ताडकन उठून शोकेसाला लागून उभी राहिली, पदर मागं सारला आणि फाटकी पाळी दाखवली. कडूबाईनं फोटो बघितला. गंगासागरला बघितलं. परत फोटो बघितला. मग ती टोपली बाहेर ठेवून स्टुडिओत गेली आणि अप्पांना म्हणाली, "माझा काढा. ह्या मोठ्यातच."

दुपारपर्यंत बायांची रांग बंकटच्या दारावरून पुढं गेली. बंकट खिशात हात घालून बघत राहिला. वत्सलाबाईही आली, पोस्टरला. अप्पा काळ्या कापडातून बाहेर निघेनात. एकदाच निघाले, ते एक खुर्ची घेऊन. शोकेसाशेजारी स्वतःच्या हातानं मांडली, वर घोंगडी घडी करून घातली आणि म्हणाले, "बस."

बावीस वर्षांत या माणसानं आपल्यासाठी खुर्ची मांडली! गंगासागरचे डोळे भरून आले. एवढ्या गर्दीला चहा तरी टाकावा म्हणून ती घराकडं निघाली, तर अप्पा मागून ओरडले, "अगं ए, कुठं चाललीस? हलू नको तिथनं! नुसत्या फोटोवर कुणी भुलंना. तुला बघितलं की आत यायलेत."

ती परत बसली. समोर पालीच्या दोघी बाया उभ्या होत्या. एकीनं काचेत बघितलं, खुर्चीत बघितलं आणि दुसरीचा हात धरला.

"चल गं माय आत. हिचं एवढं झालं, तर आपल्याला लई आशा हाय."