डोअरकीपरची बॅटरी

“आ कर. अजून मोठा. हा घसा आहे की बोगदा?”

धाकटी बहीण घराच्या दारातच आ वासून उभी राहिली आणि डोअरकीपरने तिच्या घशात बॅटरीचा झोत सोडला. तीस वर्षं थिएटरच्या दारावर काढलेली. बिनतिकिटाचा माणूस कधी आत सोडला नाही, तर जंतू काय सोडणार!

सोमवारी बायकोची पहिली केमो होती. हॉस्पिटलच्या सिस्टरने दोघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. मळमळेल, थकवा येईल, तोंड येईल, केस गळतील, ताप आला तर तडक फोन करा आणि सर्दी-खोकल्याची माणसं लांब ठेवा. एवढ्या निरूपणातलं डोअरकीपरच्या पदरात पडलं ते फक्त शेवटचं वाक्य.

बायकोला धास्ती सुईची. तिचं मागणं एकच, “अहो, टोचताना माझा हात धरून बसाल ना?”

“अगं, धरतो म्हणजे काय! सोडणारच नाही.”

तेव्हापासून दारावर तपासणी सुरू झाली. शेजारी आला, आ करा. पोस्टमन आला, जीभ बाहेर. कुणी म्हणालं, “अहो, रोजची ओळख आपली!” तर थिएटरातलंच ठरलेलं उत्तर, “ओळख घरी. नियम म्हणजे नियम.” षड्रिपूंनाही दारात थोपवील असा हा पहारा, फक्त पहारेकरी प्रत्येकाच्या तोंडात नाक घालून उभा होता, एवढीच काय ती उणीव.

“दादा, बॅटरी जरा लांब धर, मला... आ... आ...”

शिंक थेट तपासणाऱ्याच्या चेहऱ्यावर.

“सापडली! चल, माघारी फीर!”

बहीण माघारी गेली. सर्दी मुक्कामाला राहिली.

सोमवारी वॉर्डच्या दारात तीच सिस्टर उभी होती.

“काका, डोळे लाल दिसताहेत.”

“भावना दाटून आल्यात.”

“नाकातूनही?”

उत्तरादाखल शिंकच आली. तीही तीन वेळा.

“तुम्हाला आत सोडता येणार नाही.”

“अहो, नवरा आहे मी तिचा!”

“ओळख घरी, काका. नियम म्हणजे नियम.”

आयुष्यात पहिल्यांदाच डोअरकीपर दाराच्या चुकीच्या बाजूला उभा राहिला. काचेतून दिसत होतं, पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत बायको खुर्चीवर आक्रसून बसली होती. सिस्टरने टोचायच्या हातापुरता छोटा दिवा लावला आणि सुई उचलली. बायकोने दाराकडे पाहिलं. तिचा मोकळा हात खुर्चीच्या दांड्यावर नुसताच पडला होता.

त्याने खिशातून बॅटरी काढली. उशिरा आलेल्याला जागा दाखवावी तसा झोत काचेतून नेमका त्या हातावर ठेवला. तिने उजेडाकडे पाहिलं आणि हळूच मूठ मिटली. सुई टोचून झाली. झोत हलला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

शेवटी सिस्टर बाहेर आली.

“काका, त्या म्हणताहेत, हात धरलेला पोचला. आता बॅटरी बंद करा, शेजारच्या खुर्चीतल्या बाईंच्या डोळ्यांवर येतेय.”