ओटीतला राजा

"माझा राजा कुठे गेला?"

विद्याधर ताम्हाण्यांचा असा आवाज बोरिवलीतल्या त्यांच्या सोसायटीला नवा नव्हता. लिफ्ट बंद पडली, पेपर उशिरा आला, वरच्या मजल्यावर कुणी कुंड्यांना पाणी घातलं, की तो निघायचाच. पण त्या दिवशी त्याला जरा जास्तच धार होती. रेवतीने गॅस बारीक केला आणि ती हात पुसत बाहेर आली.

"कोण राजा?"

"पाचवा जॉर्ज! एकोणीसशे एकोणीसचा रुपया! इथे टेबलावर होता, कापडावर. फोटो काढत होतो मी त्याचे!"

"तो होय," रेवती म्हणाली. "तो सपनाच्या ओटीत घातला."

ताम्हाणे मटकन खाली बसले. आणि लगेच उठले, कारण बसून त्यांना नीट ओरडता येत नसे.

सपना म्हणजे खालच्या मजल्यावरच्या परबांची सून. सातवा महिना लागला होता आणि ती बाळंतपणाला माहेरी, दहिसरला निघाली होती. निघण्याआधी सोसायटीतल्या बायकांनी तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, ब्लाऊजपीस आणि वर एक नाणं, ही रीत रेवतीने काही आज शोधून काढली नव्हती.

"तुला डोळे नाहीत? तुला दिसलं नाही ते काय आहे?"

"मला टेबलावर माझा हिरवा ब्लाऊजपीस छान पसरलेला दिसला, आणि त्यावर चांदीचा रुपया दिसला. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माणसाने न सांगता मदत केली. मला तर भरून आलं हो! तो ब्लाऊजपीस माझ्या कपाटातून काढला कुणी?"

फोटोसाठी खाली मऊ आणि गडद कापड हवं होतं, म्हणून ताम्हाण्यांनीच तो काढला होता. मग फोन आला, म्हणून ते गॅलरीत गेले आणि तिथे अर्धा तास बोलत बसले. पण चूक आपली असली की ताम्हाण्यांचा आवाज दुप्पट व्हायचा.

"फोन कुणाचा होता माहितेय? कुंडलिकचा! उद्या अकराची वेळ दिलीय त्याने! वाट लावलीस तू माझी!"

हा कुंडलिक घाटकोपरला एका छोट्या खोलीत बसून लोकांची जुनी नाणी भिंगाखाली बघायचा आणि ती कितपत झिजली आहेत ते पाहून सत्तरपैकी मार्क द्यायचा. मग ते नाणं जाड पारदर्शक डबीत कायमचं बंद व्हायचं आणि डबीवर मार्कांची चिठ्ठी लागायची. एकोणीसचा रुपया काही दुर्मीळ नाही. तो निम्म्या मुंबईच्या देव्हाऱ्यात सापडेल. त्याची सगळी किंमत तो किती जपला गेलाय यावर. राजाच्या मिशीचे केस दिसतात का, आणि त्या केसांत शंभर वर्षांची काळसर झाक तशीच बसलेली आहे का, यावर नाण्याची अब्रू ठरते. एकदा घासलं की अब्रू गेली.

रेवतीला हे मान्य नव्हतं. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी ती चिंच भिजवायची आणि म्हणायची, "द्या तो काळा रुपया, उजळून देते." आणि दर दिवाळीला ताम्हाणे कपाटापुढे हात पसरून उभे राहायचे. त्यांच्या घरात फराळाच्या आधी हे भांडण व्हायचं.

एवढा संताप कशासाठी? तर ताम्हाणे विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, आणि तिथे साऱ्या नोकरीत त्यांचं मत कुणी कधी विचारलं नव्हतं. हा रुपया मात्र त्यांनी एका दुकानातल्या ढिगाऱ्यातून स्वतःच्या नजरेने उचलला होता. "नाणं ओळखायला नजर लागते," हे वाक्य ते जेवतानाही म्हणत. उद्या एक जाणकार माणूस चिठ्ठीवर लिहून देणार होता की ताम्हाण्यांना नजर आहे. नाणेवाल्यांच्या ग्रुपवर त्यांनी आधीच टाकून ठेवलं होतं, 'उद्या निकाल. पासष्टच्या खाली येणार नाही.'

ते बनियनवरच खाली धावले. सपनाची टॅक्सी गेटबाहेर पडून गेली होती. वॉचमनने टॅक्सी अडवली नाही म्हणून ते वॉचमनवर ओरडले, आणि वर येऊन म्हणाले, "फोन लाव तिला. म्हणावं, परत दे."

आता रेवतीचा आवाज चढला. "सातव्या महिन्यातल्या पोरीची भरलेली ओटी परत मागू? तुम्हाला लाज वाटत नसेल, मला वाटते! त्या रुपयाचं नाव काढलंत तर याद राखा."

"मग मी नुसता बघून येतो."

"बघून या. आणि हे मेतकूट द्या सपनाला, द्यायचं राहिलंय."

ताम्हाण्यांनी मेतकुटाची बरणी पिशवीत टाकली. रेवती आत गेल्यावर त्यांनी धनत्रयोदशीला घेतलेलं लक्ष्मीचं नवं चांदीचं नाणं हळूच खिशात टाकलं. मागायचं नाही म्हणते ना? मग मागत नाही.

दहिसरला जाताना रिक्षावाल्याने खणलेल्या रस्त्यावरून नेलं, म्हणून ते रिक्षावाल्याशी भांडले. सपनाच्या माहेरच्या चाळीत कुणी तिचं घर नीट सांगेना, म्हणून तिथेही त्यांचा पारा चढला. शेवटी सपनाच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, दार उघडलं.

"येवा भाऊ, बसा. आमचां चेडू, सपना, आताच झोपलां. देवाक नमस्कार करा, मी चाय ठेवतंय."

याहून चांगली संधी देवसुद्धा देत नाही. ताम्हाणे देव्हाऱ्यापुढे गेले. तिथे हळदीकुंकवाच्या शेजारी दोन रुपये मांडलेले होते आणि दोन्हींवर पाचवा जॉर्ज होता. एक इतका लखलखत होता की स्टीलच्या पेल्याने लाजावं. दुसरा काळसर, शांत, आणि मिशीचा केस न केस जागेवर.

लखलखीत रुपयाकडे बघून त्यांचं डोकंच फिरलं. कुणी तरी मूर्खाने चांगलं नाणं घासून घासून मारून टाकलं होतं! असल्या लोकांच्या हातात चांदी देऊच नये, असं ते मनात म्हणाले. मग त्यांनी आपल्या काळ्या राजाला कडेने, दोन बोटांत उचललं, रुमालात गुंडाळलं आणि त्याच्या जागी लक्ष्मी ठेवली. ओळखायला क्षणही लागला नाही. नजर लागते नजर!

चहा त्यांनी उभ्या उभ्या, तोंड भाजत प्यायला.

दुसऱ्या दिवशी मेट्रो बदलून ते घाटकोपरला पोचले. कुंडलिकने रुपया भिंगाखाली धरला आणि तो पुन्हा पुन्हा उलटून बघत राहिला. ताम्हाण्यांना त्याचाही राग येऊ लागला.

"काय झालं?"

"ताम्हाणे, हा कुठे लपवून ठेवला होता यार?" कुंडलिक हळूच म्हणाला. "याला कुणी हातच लावलेला नाहीये."

"मग? मी काय सांगत होतो?"

"पण एक कळत नाही. तुम्ही काल पाठवलेल्या फोटोत राजाच्या कानामागे एक बारीक चरा होता. इथे नाहीये."

"फोटो खराब आला असेल."

"चरा सरळ होता हो. त्या फोटोवर मी साठ पण दिले नसते."

"अहो, मोबाईल जुना आहे माझा!" ताम्हाणे खेकसले. "समोर नाणं आहे की फोटो? तुम्ही नाणं बघा ना!"

कुंडलिकने नाणं बघितलं आणि पासष्ट मार्क दिले. ताम्हाण्यांना शाळेत असे मार्क कधी पडले नव्हते. डबी बंद झाली, चिठ्ठी लागली, आणि त्यांनी खाली रस्त्यावर येताच ग्रुपवर फोटो टाकला. अभिनंदनाचे हात जोडलेले, टाळ्या वाजवलेले मेसेज येत राहिले. घरी येईपर्यंत ते कुणावरही ओरडले नाहीत.

दार रेवतीनेच उघडलं. तिच्या हातात फोन होता, स्पीकरवर. पलीकडे सपना होती.

"काकू, इथे गंमतच झालीय. तुम्ही ओटीत घातलेला रुपया आईने काल आल्या आल्या चिंचेने घासला. एकदम झकास निघाला! त्याच्याशेजारी तिने आजीचा रुपया ठेवला होता, तिच्या सासूचा. तो गायब झाला. आणि त्याच्या जागी लक्ष्मी आलीय! आई म्हणते देवीने कौल दिला, मुलगी होणार. सकाळपासून सगळ्या चाळीला दाखवतेय. पण मधेच रडते पण. आजीची तेवढी एकच आठवण होती ना."

रेवतीने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. मग ती कपाटाकडे गेली, धनत्रयोदशीची डबी उघडली आणि रिकामी डबी त्यांच्यापुढे धरली.

"नुसता बघून येतो, म्हणालात ना?"

ताम्हाण्यांनी ओरडायला तोंड उघडलं. कुणावर ओरडायचं ते काही केल्या सुचेना.

"चला," रेवती म्हणाली. "मी पण येते. आज मी बघते तुम्ही काय काय बघता ते."

दहिसरला रुक्मिणीबाईंच्या देव्हाऱ्यापुढे ताम्हाण्यांनी मार्कांची डबी ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. देवीने नाही, मीच ठेवली लक्ष्मी. माझा समजून तुमचा नेला. सांगता सांगता त्यांची नजर शेजारच्या लखलखीत रुपयावर गेली. राजाच्या कानामागे एक बारीक, सरळ चरा होता. इतकी वर्षं भिंगातून बघूनही तो त्यांना दिसला नव्हता, आणि काल समोर होता तेव्हा आपला राजाच त्यांना ओळखू आला नव्हता. त्यांच्या कानशिलात रक्त चढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःचा एवढा भयंकर राग आला.

सपना पोटावर हात धरून हसत होती. रुक्मिणीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि डबी उलटसुलट करून बघितली.

"ह्यो माझ्या सासयेचो रुपयो. तिच्या लग्नातलो. फडक्यात बांधून ठेवलेलो, कधी कोणाचो हात लागाक नाय. ह्येका असो कोंडून कित्याक ठेवलात?"

"तो आता तसाच राहू दे, ताई," ताम्हाणे घाईने म्हणाले. "त्याला पासष्ट मार्क मिळालेत. सत्तरपैकी!"

"रुपयाक मार्क?" रुक्मिणीबाईंनी सपनाकडे बघितलं. मग त्यांनी डबी उंबऱ्यावर ठेवली, नारळ फोडायचा कोयता आणला आणि त्याची उलटी बाजू एकदाच घातली. प्लॅस्टिकचे तुकडे झाले. राजा उडाला आणि घरंगळत कपाटाखाली गेला. ताम्हाणे गुडघ्यांवर रांगत त्याच्या मागे गेले आणि त्यांनी त्याला बाहेर काढलं, कडेने, दोन बोटांत धरून.

"बरां झालां, हाडलात," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "ही जोडी मी बाळाच्या पाळण्यात ठेवतलंय. काल तुमचो घासलंय आणि चिंच संपली, म्हणून ह्यो तसोच काळो रवलो. आज चिंच हाडलंय."

"नका! घासायचं नसतं हो त्याला!" ताम्हाण्यांचा आवाज फुटला. "ते काळं म्हणजे घाण नाही. ती त्याची... शंभर वर्षं... अहो, ते परत येत नाही!"

"पाळण्यात एक गोरो नि एक काळो बरो दिसता?"

ताम्हाण्यांनी रेवतीकडे बघितलं. इतक्या दिवाळ्या ज्या बाईला कपाटापुढे अडवलं, ती शांतपणे पदर सावरून पाटावर बसली होती. नाणं त्यांचं नव्हतं. पळवून आणलेल्या वस्तूबद्दल पळवणाऱ्याने काही बोलायचं नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं.

रुक्मिणीबाईंनी भिजवलेल्या चिंचेची वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि वर मिठाची चिमूट टाकली.

"माझो हात दुखता भाऊ. तुमी धरतात पण बरो. तुमीच घासा."

ताम्हाणे मांडी घालून बसले. दात आवळून, नाकपुड्या फुगवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत संतापून त्यांनी अंगठा चिंचेत बुडवला आणि फिरवायला सुरुवात केली. कपाळ उजळलं, गाल उजळला, मुकुट उजळला. पासष्टचे किती झाले ते कुंडलिकलाही सांगता आलं नसतं. त्यांनी रुपया पाण्यात बुडवून काढला आणि पुढे धरला.

रेवती वाकली. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन, अगदी नजर लावून बघितला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"अहो," ती म्हणाली, "मिशीत अजून काळं राहिलंय."