भोगीला गेलेली तबकडी

त्या वर्षी भोगीला घरातला जुना पसारा आपणच काढायचा, असं गिरिधररावांनी ठरवलं. तसं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. (संसारातले मोठे अपघात कोणी न सांगताच होतात.) पोंगलच्या आदल्या दिवशी चेन्नईत घरोघरचं जुनंपानं बाहेर निघतं, आणि इतकी वर्षं हे काम त्यांची बायको कनका करायची. ती प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, उलटसुलट बघायची, उसासा टाकायची आणि परत जागेवर ठेवायची. त्यामुळे पेरुंगुडीच्या त्या फ्लॅटमध्ये दर भोगीला फक्त धूळ जागा बदलायची.

गिरिधररावांची पद्धत वेगळी. विमा कंपनीत बत्तीस वर्षं फायली हातावेगळ्या केलेला माणूस तो. वस्तूकडे बघितलं की ती ठेवावीशी वाटते, तेव्हा बघायचंच नाही, हे त्यांचं तत्त्व. तासाभरात पोतं भरलं. खाली जुन्या पेपरवाला गाडी घेऊन आला. त्याने पोत्यातून काहीतरी काळं, वाटोळं उपसून विचारलं, "सार, हे पण?" गिरिधरराव फोनवर मॅचचा स्कोअर बघत होते. "सगळं, सगळं," असं म्हणून त्यांनी राजासारखा हात हलवला.

आठ दिवसांनी कनकाने जेवताना विषय काढला.

"अम्माच्या सहस्रचंद्रदर्शनाला तीन आठवडेच राहिले. तुम्ही हो, ती प्लेट काढून पुसून ठेवा. तंजावूरहून असकी मंडळी येणार, एकूण एक."

गिरिधररावांच्या घशात रसमभात अडकला. काळं. वाटोळं.

ही प्लेट म्हणजे त्यांच्या सासूबाईंची, राजसबाईंची, तबकडी. साठेक वर्षांपूर्वी तंजावूरच्या मराठी बायकांच्या मंडळाने हौसेने लग्नातली गाणी रेकॉर्ड करवून घेतली होती. चार गाणी, पन्नास प्रती (त्यांतली आता हीच एक उरलेली), कव्हरवर बाशिंग बांधलेला नवरदेव. चौथं गाणं राजसबाईंचं. आता राजसबाई लेकीकडेच राहत, आणि त्यांच्या प्रत्येक वाढदिवसाला सगळ्या नातेवाइकांना गोळा करून ही तबकडी वाजवायची, हा घराण्याचा कुळाचार होऊन बसला होता. गाणं संपलं की सगळे "अहा, चोखट!" म्हणत आणि राजसबाई खाली मान घालून पदराचं टोक पिळत. एवढी विनयशील बाई गिरिधररावांनी दुसरी पाहिली नव्हती.

म्हातारीच्या तरुणपणाचा तेवढा एकच आवाज जगात उरला होता आणि तो आपण भंगारात घातला. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. तबकडी पोत्यात गेली कशी, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. तीस वर्षांत घरात जे जे विचित्र घडलं, ते शेवटी त्यांनीच केलेलं निघालं होतं. चौकशीत वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून गिरिधरराव ऑफिस सुटलं की गायब होऊ लागले. पेपरवाल्याने सांगितलं, प्लेटी असल्या की त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जातात. कुठल्या, ते देव जाणे. मग काय, शहरातलं एक दुकान त्यांनी सोडलं नाही. इंजिनिअरिंगच्या गाइडांखाली, बंद पडलेल्या मासिकांच्या गठ्ठ्यांमागे, खोक्यांतून मान घालून ते तबकड्या चाळत. नुसतं चाळून निघून जाणं त्यांच्या भिडस्त स्वभावाला जमेना, म्हणून प्रत्येक दुकानातून ते एकेक घेऊन येत. दोन आठवड्यांत त्यांच्या ऑफिसच्या कपाटात घरच्या घरी रशियन शिका (भाग दुसरा), युरोपातल्या पक्ष्यांचे आवाज आणि एका खताच्या कंपनीचं प्रचारगीत, एवढा ऐवज जमा झाला. शिवाय धुळीने सर्दी झाली ती वेगळीच.

शेवटी त्यांनी लेकीला विश्वासात घेतलं. हरिणी सव्वीस वर्षांची, घराजवळच्याच एका आयटी कंपनीत नोकरीला. तिने सगळं ऐकून घेतलं, आधी पोटभर हसून घेतलं आणि मग स्कूटर काढली.

"तिरुवल्लिकेणीत एक भाई आहेत, अप्पा. माझ्या ऑफिसातले लोक जुन्या प्लेटी तिथूनच घेतात. पण तिथे तुम्ही जास्त बोलायचं नाही. सेरि?"

"तिथें आपण मराठींतच बोलूं," गिरिधरराव म्हणाले. "कोणाला कांहीं कळणार नाही."

हे मात्र खरं होतं. तंजावूरी मंडळी तमिळ मुलखात आली त्याला साडेतीनशे वर्षं झाली. राज्य गेलं, हत्ती गेले, पण दुकानदाराच्या तोंडावर दुकानदाराची निंदा करायची सोय तेवढी राहिली. घरात मुलं तमिळ बोलोत की इंग्रजी, साड्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की सगळं कुटुंब एकदम मराठी होतं. हरिणीचं तर निम्मं मराठी साड्यांच्या दुकानात झालेलं.

भाईंचं दुकान म्हणजे लॉजच्या जिन्याखालची एक लांबट खोली. भाई दाराशी बसून चहा पीत होते. आत तीन भिंतींना तबकड्याच तबकड्या, आणि मधल्या खोक्यापाशी एक तिशीचा तरुण उभा. गळ्यात श्रीपेरुंबुदूरच्या कुठल्याशा मोटार कारखान्याचं ओळखपत्र. भाईंशी तो हिंदीत बोलत होता आणि अधूनमधून एखादा तमिळ शब्द पायरी चुकल्यासारखा टाकत होता. त्याच्या काखेत चार-पाच तबकड्या होत्या, आणि सगळ्यांत वरच्या छोट्या तबकडीवर बाशिंग बांधलेला नवरदेव.

गिरिधररावांनी लेकीचा दंड धरला.

"वळूं नको. त्या हिंदीवाल्याच्या काखेंत अज्जीची प्लेट अहे."

"अय्यो! मग विचारा ना त्याला."

"विचारलं की तो सोडेल? आपल्याला ती होणें, तिच्यासाठींच आलों, असं दिसूंच द्यायचं नाही. तूं बघ फक्त."

गिरिधरराव हळूहळू सरकत त्या तरुणाशेजारी गेले, तबकडीकडे बघून त्यांनी च्यक् च्यक् केलं आणि इंग्रजीत म्हणाले, "व्हेरी बॅड कंडिशन, सर. फंगस."

"फंगस?" तरुणाने विचारलं.

"यस. स्प्रेडिंग टाइप. ऑल अदर रेकॉर्ड्स विल गेट."

तरुणाने तबकडी जरा दूर धरली. गिरिधरराव लेकीकडे वळून मराठीत म्हणाले, "बघ कसा भ्याला. डोकं कमीच दिसतं. आणखी दोन वाक्यांत टाकेल."

"अप्पा, पोदुम, पुरे," हरिणी म्हणाली. तिला त्या तरुणाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललेलं दिसलं होतं.

"हू इज द सिंगर?" तरुणाने आदबीने विचारलं.

"सम ओल्ड लेडी. व्हेरी पुअर व्हॉइस," गिरिधरराव म्हणाले, आणि लगेच मराठीत, "माझी सासू. देवा, क्षमा कर. ही प्लेट घरीं गेली नाही तर तुझी अम्मा मला जिवंत ठेवायची नाही. मी भंगारांत घातली हें तिला कळतां कामा नये."

"अँड व्हॉट इज द साँग अबाउट?"

गिरिधररावांनी सर्दीचं नाक ओढलं. "डेथ," ते म्हणाले.

तरुणाने कव्हरवरच्या नवरदेवाकडे बघितलं, मग गिरिधररावांकडे. मग घसा खाकरून तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "काका, नवरदेव तर चांगला ठणठणीत दिसतोय. बाशिंगसुद्धा बांधलंय."

भाईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

दुसरा कोणी असता तर शरमला असता. गिरिधररावही शरमले, पण जरा उशिरा. आधी त्यांना भलताच धक्का बसला. त्यांच्या हिशेबी मराठी बोलणारा माणूस म्हणजे नातेवाईक, आणि झाडून सगळे नातेवाईक त्यांना तोंडपाठ होते. महाराष्ट्र म्हणून एक प्रांत आहे आणि तिथे कोट्यवधी लोक उघडउघड, दुकानातसुद्धा, मराठीच बोलतात हे त्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ऐन वेळी आठवणं वेगळं.

"तूं कोणाचा रे?" त्यांनी विचारलं. "कुंभकोणमच्या संताजीअण्णांचा नातू की काय?"

"नाही हो. मी अक्षत. सांगलीचा."

"सांगलींत आपलं कोण अहे?" गिरिधररावांनी हरिणीला विचारलं. हरिणी भिंतीकडे तोंड करून हसत होती.

मग शरम आली, आणि सगळी एकदम आली. त्यांनी फंगसची माफी मागितली, कमी डोक्याची माफी मागितली आणि सासूबाईंची सगळी कथा सांगितली. सांगताना त्यांचा आवाज खरोखरच कापरा झाला. अक्षतने तबकडी त्यांच्या हातात दिली. भाईंचे पैसे तेवढे गिरिधररावांनी चुकते करावेत आणि कार्यक्रमाला त्याला जेवायला बोलवावं, एवढंच त्याचं म्हणणं. इकडे येऊन आठ महिने झाले, घरात बसून कोणाशी मराठी बोललो नाही, असं तो म्हणाला. आणि हे असलं मराठी तर त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"पण इथलं बोलणं तिथें..." गिरिधरराव चाचरले.

"मी कुठे काय ऐकलं, काका? मी हिंदीवाला."

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. होम झाला, ओवाळणं झालं, राजसबाई नव्या नऊवारीत खुर्चीवर बसल्या. अक्षत सगळ्यांच्या पाया पडला. तो आपला कोण लागतो यावर दोन आत्यांचं भांडण झालं आणि दोघींनीही त्याला आपल्या बाजूचा ठरवला. मग कनकाने तबकडी लावली.

तीन गाणी झाली, चौथं सुरू झालं. इतकी वर्षं गिरिधरराव या वेळेला पानं मांडायच्या निमित्ताने आत असत आणि "चोखट" म्हणायला तेवढे बाहेर येत. आज पहिल्यांदाच ते उभं राहून ऐकत होते. एक कोवळा, धीट आवाज व्याह्यांची थट्टा करत वरवर चढत गेला, अगदी टोकाच्या सुरापाशी जरासा डगमगला, चिरकला आणि सावरून खाली उतरला. गिरिधररावांचे डोळे भरून आले. ही पोरगी आपण जवळजवळ जगातून घालवली होती आणि आपणच परत आणली. इतकं बरं त्यांना लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"अहा, चोखट!" सगळे म्हणाले. राजसबाईंनी मान खाली घातली, पदराचं टोक पिळलं आणि जावयाला बोटाने जवळ बोलावलं.

गिरिधरराव आशीर्वादासाठी वाकले.

"प्लेट कोठून आणली?" राजसबाईंनी त्यांच्या कानात विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "क्षमा करा, अम्मा," ते कुजबुजले. "भोगीला चुकून पोत्यांत गेली. पण मी तीन आठवडे असकं शहर पालथं घालून..."

"चुकून?" राजसबाई म्हणाल्या. "मीं माझ्या हातानें घातली पोत्यांत."

गिरिधररावांना काही समजेना.

"बावीस वर्षांची होतें. एक सूर चुकला, एकदांच. तेव्हांपासून दर वाढदिवसाला ही मंडळी मला बसवून तो परत चुकवतात, आणि वर चोखट म्हणतात." राजसबाईंनी जावयाकडे असं काही बघितलं, की तो विनय नव्हता हे त्यांना तीस वर्षांनी कळलं. "असक्या घरांत न बघतां फेकणारे तुम्ही एक. म्हणून तुमचं पोतं निवडलं. तुम्ही कधींपासून बघायला लागलां?"

तेवढ्यात मागून टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सांगलीच्या नाट्यगृहात शोभेल अशा आवाजात अक्षत ओरडला, "वन्स मोअर!"

तंजावूरच्या मंडळींना ही पद्धत नवी होती, पण फारच आवडली. क्षणात दोन्ही आत्या, सगळे काका, झाडून सगळे "वन्स मोअर" करू लागले.

"अहो, बघत काय राहिलात?" कनका म्हणाली. "सुईचा आवाज येत होता. प्लेट काढा, त्या खिडकीपाशीं नेऊन नीट पुसा आणि परत लावा."

गिरिधररावांनी तबकडी उचलली. राजसबाईंनी त्यांची बाही धरून हळूच खाली ओढली.

"जातांना ठेच लागली," त्या पुटपुटल्या, "तर मी कांहीं बोलणार नाही."

गिरिधररावांनी जिवाचा आटापिटा केला. खुर्चीच्या पायात पाय घालून बघितला, चटईची कड शोधली, समईच्या बाजूनेही गेले. पण जन्मभर सपाट फरशीवर धडपडलेला हा माणूस त्या दिवशी खिडकीपर्यंत गेला आणि परत आला, तो एकदाही न अडखळता.