मातीत हवा कोणाची?

एका जंगलात, बाळांनो, वाघ राजा होता आणि निवडणूक जवळ आली होती. राजा असताना निवडणूक कशाला, असं विचारू नका. मोठी माणसंसुद्धा विचारत नाहीत.

त्या जंगलात तळ्याकाठी टिटवीबाईंची शाळा होती. बाईंची चार अंडी तिथंच उघड्या मातीवर होती. अंड्यांवर बसूनच त्या शिकवायच्या.

एकदा बाईंनी करवंटीत पाणी घेतलं आणि त्यात मातीचं सुकं ढेकूळ सोडलं. बुडबुड बुडबुड! बुडबुडे आले.

"काय कळलं?"

"मातीत हवा आहे!" पोरं ओरडली आणि ओरडतच घरी गेली.

वाटेत तरसानं ते ऐकलं. तो राजाचा प्रचारप्रमुख होता. धापा टाकत तो गुहेत शिरला. "महाराज, घात झाला! जंगलात मातीची हवा आहे!"

"मातीची?" वाघ गुरगुरला. "ही माती कोण? जंगलात हवा फक्त आमची! हत्ती बोलवा. माती तुडवा, हवा काढा. सुरुवात शाळेपासून!"

हत्ती शाळेपाशी आले, मागोमाग वाघ आणि तरसही. टिटवीबाई पंख पसरून अंड्यांपुढे उभ्या राहिल्या. "महाराज, माझी अंडी आहेत हो तिथं! आणि ती हवा वेगळी, ही हवा वेगळी!"

"हवा ती हवा!"

पहिल्या हत्तीनं पाय उचलला. बाईंना रडू फुटलं. पण बाई शेवटी मास्तरीणच. "महाराज," त्या हुंदके देत म्हणाल्या, "आधी खात्री तर करा. ढेकळाचे बुडबुडे पोरांनी पाहिलेत. आता तुमचेही पाहू द्या. ज्याचे जास्त, त्याची हवा."

वाघाला हे पटलं. त्यानं धपकन तळ्यात उडी मारली आणि पाण्याखालून गर्जना केली, "आमचीच!" मग काय विचारता! तळं भाताच्या हंड्यासारखं रटरटलं.

"महाराजांचीच हवा!" तरस नाचला. हत्तीनं पाय मागे घेतला.

वाघ ठसकत बाहेर आला. भिजून त्याचं पार मांजर झालं होतं.

"बाई," पोरं म्हणाली, "महाराजांची हवा निघाली!"

"हळू बोला रे!" बाई अंड्यांवर बसत म्हणाल्या. "चला, लिहून घ्या. मातीत हवा नसते. सगळी हवा महाराजांत असते."

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त आधी अंडी उबवून घ्यावीत.